निळ्या-काळ्या शाईच्या चार बाटल्या

मी आणि माझी बायको गिरजा, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शाई गाळणं. दुपारची वेळ. अंगणात कडुनिंबाखाली पातेलं ठेवलं होतं आणि त्यावर तिच्या जुन्या पातळाचा, धुऊन धुऊन विरळ झालेला तुकडा ताणून धरला होता. दोन कोपरे माझ्या हातात, एक तिच्या हातात. चौथा कोपरा ती दातांत धरायची, कारण शाईचं मडकं कलतं करायला एक हात मोकळा लागतो. त्यामुळे शाई गाळताना ती बोलू शकत नसे. वर्षातून तेवढा अर्धा तासच काय तो मला बोलायला मिळायचा, असं मी गमतीनं लोकांना सांगत असे.

गाळून झाल्यावर तिनं कोपरा सोडला, करंगळी शाईत बुडवली, जिभेला लावली, थुंकली, चूळ भरली आणि म्हणाली, "बरोबर हाय."

बरोबर नव्हतं. मी तिच्या मागं त्यात मूठभर हिराकस जास्त टाकलं होतं.

हिराकस म्हणजे हिरवट खडे. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. हिरड्याच्या काढ्यात पडले की काढा काळा होतो. बेतानं पडले तर शाई होते. जास्त पडले तर तीच शाई पुढं कागद खाते. आज खात नाही, उद्या खात नाही. दहा-वीस वर्षांनी अक्षराच्या जागी भोक पडतं. हे मला माहीत होतं. तरी टाकलं, कारण हिराकस जास्त झालं की शाई लगेच काळी दिसते, उन्हात ठेवून वाट पाहावी लागत नाही, आणि शाळेची परीक्षा सोमवारी होती.

तीस वर्षांत पहिल्यांदा माझी लबाडी तिला कळली नाही. तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला आनंद झाला.

संध्याकाळपर्यंत त्यातल्या चार बाटल्या मी विकल्या. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती गेली.

परीक्षेचे दिवस पुन्हा आले आहेत. कडुनिंबाला फुलं आली की मला समजतं. जळगाव जामोदला या दिवसांत सकाळी सातपुड्याकडून वारा येतो, त्याला मोहाचा वास असतो. दहा वाजले की तो बंद होतो आणि धूळ सुरू होते. शाळेसमोर माझी टपरी आहे. पेन दुरुस्तीची. निब घासून देतो, निबेखालची जीभ बदलून देतो, चेपलेलं टोपण सरळ करून देतो. एरवी वर्षभर माश्या मारतो, पण या महिन्यात गर्दी असते. पोरं पेन घेऊन येतात आणि रोग्याला आणल्यासारखी तोंडं करतात. "काका, हे मधीच थांबून राह्यलं." मी म्हणतो, "पेन नाही थांबलं बे, तुले उत्तर येत नाही म्हणून हात थांबला." पोरं हसतात. हसली की अर्धी भीती जाते. हे मला तिनं शिकवलं.

आता बॉलपेन निघालं आहे. शाळेतले मास्तर अजून चालू देत नाहीत, अक्षर बिघडतं म्हणतात. पण किती दिवस? मला त्याचं दुःख नाही. मला राग एवढाच येतो की बॉलपेननं लिहिलेलं आज जसं दिसतं तसंच उद्याही दिसतं. आमची शाई तशी नव्हती. कागदावर उतरताना ती निळी असायची, दिवस मावळल्यावर डोंगर दिसतो तशी. दुसऱ्या दिवशी तीच अक्षरं काळी व्हायची आणि मग हलायची नाहीत. एकदा जोशी मास्तरांच्या हातून उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर पाण्याची घागर उलथली. निळ्या शाईवाल्या पोरांचे पेपर धुऊन निघाले. आमच्या शाईतलं अक्षर न् अक्षर जागेवर होतं. मास्तर ते ओले कागद घेऊन भर उन्हात आमच्या घरी आले, मला ओलांडून आत गेले आणि तिला दाखवले. म्हणाले, "गिरजाबाई, तुमच्यामुळं सात पोरं पास झाली."

ती म्हणाली, "शाईनं कोनी पास होते का, मास्तर? मंग आमच्या घरात सारेच म्याट्रिक झाले असते."

तिला वाचता येत नव्हतं. सही नाही, अंगठा. मी चौथीपर्यंत शिकलेला, तेही चौथीत दोनदा बसून. सबंध तालुक्याला लिहायला शाई आमच्या घरातून जायची आणि आमच्या घरात लिहिलेलं म्हणाल तर एक भिंतीवरचं कॅलेंडर, तेही छापील.

ती सोनाळ्याची. तिचा बाप तिथल्या शाळेला शाई करून द्यायचा. पोरगी लहानपणापासून त्याच्याजवळ बसून हिरडा कुटायची. लग्न होऊन आली तेव्हा मी पुडीची शाई पाण्यात कालवून विकत होतो. तिनं पहिल्याच दिवशी माझी बाटली उजेडात धरली, हलवली आणि विचारलं, "हे काय हाय?" मी म्हटलं, शाई. ती म्हणाली, "हे तं पानी हाय. त्याले फक्त सांगतलं हाय का तू शाई हायस म्हणून." नवी नवरी. घरात पाहुणे बसलेले. मला इतका राग आला की मी जेवलो नाही. पुढच्या बाजाराला डोंगरातल्या कोरकू बायका हिरडा घेऊन आल्या, तेव्हा मीच पायली भरून आणला आणि तिच्यापुढं ठेवला.  ती हिरडे ओटीत घेऊन निवडायला बसली. आमचं लग्न त्या दिवशी लागलं असं मी धरतो.

हिरडा कुटायचा, मातीच्या मडक्यात भिजत घालायचा, आठ दिवस उन्हात ठेवायचा, मग हिराकस, मग बाभळीचा डिंक, रंगाऱ्याकडचा निळा रंग, पुन्हा आठ दिवस ऊन आणि मग तीनदा गाळायचं. हे कोणालाही सांगता येतं. किती घालायचं ते सांगता येत नाही. दरवर्षी हिरडा वेगळा, एखाद्या वर्षी जास्त तुरट, एखाद्या वर्षी नुसता भुसा. म्हणून ती चाखायची. तिची जीभ हाच तराजू. हिरड्याचा तुरटपणा आणि हिराकसाचा लोखंडी आंबटपणा एकमेकांना धरून असले की ती म्हणायची, "बरोबर हाय." हे दोन शब्द म्हटल्याशिवाय एक थेंब घराबाहेर जात नसे.

आणि मी दरवर्षी लबाडी करायचो. दरवर्षी. परीक्षा तोंडावर आलेली, टपरीवर लोक विचारून जाताहेत, आणि हिचं मडकं उन्हात बसलेलं. मी हळूच हिराकस टाकायचो. ती चाखायची आणि तोंड वाकडं करायची.

"खिळा चाटल्यावानी लागून राह्यलं. कितीक टाकलं?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे तुमची मूठ. तुमची मूठ म्हणजे खोरं हाय."

"परीक्षा सोमवारी हाय. पोरं काय तुह्या मडक्यासाठी परीक्षा थांबवतीन?"

"अवो, तुमाले एवढी घाई काऊन हाय? शाई हाय ते, भजे नाहीत. गरम गरम खपवाले."

मग ती पुन्हा हिरड्याचा काढा करायची, त्यात ओतायची, मडकं पुन्हा उन्हात. मी चिडायचो. पण खरं सांगायचं तर ती आमची होळी होती. ती पकडणार हे मला माहीत असायचं, मी टाकणार हे तिला माहीत असायचं. कधी कधी मी काहीच टाकलं नाही तर ती चाखून माझ्याकडं पाहायची आणि विचारायची, "बरं वाटत नाही का तुमाले?"

हा प्रश्न मी तिला विचारायला हवा होता.

त्या शाईचे शौकीन लोक होते. शौकीन म्हणजे तपकिरीचे किंवा गाण्याचे असतात तसे. संध्याकाळी टपरीवर बसायचे आणि शाईवर भांडायचे. जोशी मास्तर म्हणायचे, "निळी शाई पोरीसोरींची, काळी शाई दुकानदारांची. निळी-काळी ही माणसाची." ती तेव्हा डबा घेऊन आली होती. म्हणाली, "अन् बाईची कोनती, मास्तर?" मास्तर गडबडले. मग म्हणाले, "बाईची ती नव्हे हो. बाईनं केलेली ती."

पण खरा शौकीन वानखडे बाबू. तहसीलीत कारकून होता, पस्तिशीचा, बारीक अंगाचा, शर्टाच्या खिशाला नेहमी एक डाग. अक्षर असं की पाहत राहावं. नवी शाई मिळाली की एक ओळ लिहून कागद खिडकीत ठेवायचा आणि खुडूक कोंबडी अंड्याकडं पाहते तसा तासातासाला जाऊन पाहायचा. मला येऊन सांगायचा, "काका, आता कडा काळी झाली. मधात अजून निळी हाय." मी म्हणायचो, "बावा, लग्न कर दुसरं." तो म्हणायचा, "बायको एकच पुरते. शाईही एकच पुरते."

तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा तिनं त्याला आमच्याच कपात चहा दिला. शेजारच्या चंद्राबाईनं दारातून पाहिलं आणि तोंड फिरवलं. दोन दिवस तिनं आमच्याकडून विरजण नेलं नाही. तिसऱ्या दिवशी आली. गिरजा म्हणाली, "कप तोच हाय, पाहून घे. दूध नासलं नाही." चंद्राबाई हसली आणि विषय मिटला. माणसं अशीच असतात, कोणी मोठं नाही, कोणी छोटं नाही.

वानखडेनं एकदा एक कागद आणला होता. त्याच्या आज्याचा. त्या माणसाच्या सबंध जन्मात त्याच्या नावाचा म्हणून तो एकच कागद झाला होता, आणि घरानं तो बांबूच्या नळीत घालून जपला होता. वानखडेनं तो आमच्या ओट्यावर उलगडला. कागद चांगला होता, पिवळा पडला होता इतकंच. पण अक्षरांच्या जागी चाळणी झाली होती. जिथं जिथं लेखणी दाबली होती तिथं तिथं भोक. आज्याचं नाव असेल तिथून खालची सतरंजी दिसत होती.

गिरजानं त्यावर बोट फिरवलं. तिला वाचायचं नव्हतंच. भोकाच्या कडेची तांबूस रेघ पाहिली आणि म्हणाली, "हिराकस. कोनीतरी मूठ सैल सोडली."

"काकू, किती वर्षात असं होते?"

"मूठ किती सैल त्यावर हाय. पोराच्या वेळेले नाही झालं तं नातवाच्या वेळेले होते."

वानखडेनं कागद पुन्हा नळीत घातला. मग म्हणाला, "मले एक वही लिहायची हाय, काकू. आमच्या मोहल्ल्याची. सगळ्याइची नावं, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत. धम्म घेतला त्याले सहा-सात वर्ष झाले, पन कोन्या घरात कोन हाय ते एका जागी कुठीच धड लिहेल नाही. विहारात ठीवाची हाय ते वही. शंभर वर्ष राह्यली पाह्यजे."

ती म्हणाली, "मंग या वर्षीची शाई घेजा. या वर्षी हिरडा चांगला येईन. पहिली बाटली तुमची."

हे दिवाळीतलं. तेव्हापासून तो थांबला होता. वही शिवून घेतली होती, रेघा मारून ठेवल्या होत्या. गेल्या वर्षीच्या शाईत सुरू कर म्हटलं तर नाही म्हणाला. काकूनं जबान दिली आहे, या वर्षीची पहिली बाटली.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या साली हिरडा उशिरा आला. तीही शिवरात्रीपासून जरा बसून बसून काम करायची. मी विचारलं की म्हणायची, "ऊन बाधलं." मडकं उशिरा उन्हात गेलं. परीक्षेला चार दिवस राहिले तरी शाईचा रंग चढेना.

त्या आठवड्यात दोनदा भाजीत मीठ जास्त पडलं. पहिल्यांदा मी गप्प बसलो. दुसऱ्यांदा ताट सरकवलं. "मिठाचं पोतं उलथलं का भाजीत?" ती म्हणाली, "मले तं अळणी लागून राह्यली." आणि तिनं माझ्यादेखत तीच भाजी वरून चिमूटभर मीठ घालून खाल्ली.

पाहा. माणसाच्या समोर ताट असतं आणि ताटात सगळं वाढलेलं असतं. ज्या बाईला जिभेवरच्या एका थेंबातून हिराकस किती ते कळायचं, तिला मीठ कळत नव्हतं. तरी मी ओरडून मोकळा झालो आणि टपरीवर गेलो. दोन दिवसांनी मूठभर हिराकस टाकलं, आणि ती "बरोबर हाय" म्हणाली तेव्हा मला वाटलं, जिंकलो बुवा. तीस वर्षांत एकदा तरी जिंकलो.

डॉक्टर मागाहून म्हणाले, ते काळजाचं होतं, जिभेशी त्याचा संबंध नाही. मी ऐकून घेतलं. ते शिकलेले आहेत, तसंच असेल. पण तिला काहीतरी होत होतं आणि ते कळायची एकच खूण देवानं माझ्या हातात दिली होती. ती खूण मी जिंकण्यात घातली.

माझा साळा, म्हणजे गिरजाचा धाकटा भाऊ, सोनाळ्याला असतो. तो त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. भेटला तर रस्ता बदलतो. चार लोकांत तो एवढंच सांगतो की घरात माझी बहीण मरून पडली होती आणि हा माणूस दारोदार शाईच्या बाटल्या गोळा करत फिरत होता. ते खरं आहे. लोकांना वाटलं, सुतकी घरचा माल लोकांच्या घरात राहू नये म्हणून गेला असेल. कोणी म्हणालं डोकं फिरलं. मी कोणाला उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं तर हिराकसाचं सांगावं लागलं असतं, आणि मग तिला ते का कळलं नाही हेही.

आता वय झालं. मडकं मी अजून दरवर्षी घालतो. चाखतोही. मला काही कळत नाही. माझ्या जिभेला बोलण्यापलीकडं काही येत नाही. म्हणून हिराकस कमीच टाकतो. शाई फिकी होते. जोशी मास्तर आता नाहीत. बाकीचे घेऊन जातात आणि काही बोलत नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला कळतं.

त्या सकाळचं सांगतो आणि थांबतो.

उजाडताना मी तिला हाक मारली. ती उठली नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही. चंद्राबाईला हाक मारली. ती आली, तिनं पाहिलं आणि रडायला लागली. तिचा नवरा सायकल काढून स्टँडवर गेला, पहिल्या बसनं सोनाळ्याला निरोप धाडायला. चंद्राबाईनं ओलं फडकं घेऊन गिरजाचं तोंड पुसायला घेतलं. खालच्या ओठावर एक डाग होता. ती पुसत होती आणि तो निघत नव्हता.

शाई चाखली की तिच्या ओठावर डाग राहायचाच. तीस वर्षं मी तो पाहिला होता. पहिल्या दिवशी फिकट निळा, दुसऱ्या दिवशी राखेसारखा, तिसऱ्या दिवशी नाही. त्या सकाळी तो तव्याच्या बुडासारखा काळा होता. इतक्या लवकर इतका काळा. मी काय टाकलं होतं ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी फळीवरून गेल्या वर्षीची एक बाटली घेतली, पिशवी घेतली आणि चपला घातल्या.

"भाऊजी, कुठी चालले? लोक येतीन आता."

"आलोच," म्हणालो.

गिरजा आता घरातच होती. तिला कुठं जायचं नव्हतं. शाई मात्र कोणाच्या तरी पेनात चढली असेल, कागदावर उतरली असेल. तिच्या नावानं गेलेली शाई. त्या वेळी मला एवढंच सुचलं, आणि आजही मला त्यात चूक दिसत नाही.

जोशी मास्तर ओट्यावर राखुंडीनं दात घासत होते. मी बाटली परत मागितली.

"काय हो, दिलेला आहेर परत मागायची ही कुठली रीत?"

"शाई बिघडली हाय, मास्तर."

"गिरजाबाईंची शाई बिघडत नाही."

"माह्या हातानं बिघडली."

त्यांनी तोंड धुतलं, आतून बाटली आणून दिली. अजून उघडली नव्हती. "गिरजाबाई काय म्हणाल्या मग?"

"काही नाही म्हणाली," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

दुसरी बाटली पोस्टातल्या बाबूंनी नेली होती, ते रात्रीच गावाला गेले होते. त्यांच्या भावानं फळीवरची बाटली शोधून दिली आणि दार लावलं. तिथून शांताकडं गेलो, गिरजाकडं येऊन-जाऊन असणारी पोर. ती तेव्हा मॅट्रिकला बसत होती, सोमवारी पहिला पेपर. ती पेन भरूनच बसली होती. मी तिचं पेन उघडलं, शाई मोरीत सोडली, दोनदा पाण्यानं खळखळून घेतलं आणि गेल्या वर्षीच्या बाटलीतली भरून दिली. जुन्या बाटलीत उरलेली तिलाच दिली आणि तिची नवी बाटली पिशवीत टाकली. तिची आई म्हणाली, "अवो, काय झालं एवढं? काकूचा हात लागेल हाय ना त्याले?" मी म्हटलं, "माहा लागला हाय."

मी निघालो तर शांता दारापर्यंत आली. "काका, काकूले सांगजा, पेपर झाले का मी येतो म्हणून. मले हिरडा कुटाचा हाय."

"सांगतो," म्हणालो.

वानखडेचं घर गावाच्या त्या टोकाला. ऊन वर आलं होतं. लोक माझ्या दारात जमले असतील हे मला चालताना समजत होतं. बाटल्या पिशवीत एकमेकींवर वाजत होत्या, म्हणून मी पिशवी पोटाशी धरली. त्याचं दार उघडं होतं. आत चुलीवर भाकरी चालू होती आणि तो खिडकीजवळ चटईवर बसला होता, गुडघ्यावर ती वही. कचेरीला जायच्या आत एक पान तरी करायचं म्हणून पहाटेच बसला असणार. मला पाहून उठला, तोंडभर हसला.

"काका! या, या. पाहा तं खरं. काय चढली हाय काकूची शाई. लिहिता लिहिता काळी होऊन राह्यली. असं मी कधी पाह्यलं नाही."

"ते बाटली दे," मी म्हणालो. "अन् ते पान फाड."

त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे. "काऊन? अक्षर आवडलं नाही का?"

"हिराकस जास्त हाय त्यात. मी टाकलं. तुह्या आज्याच्या कागदावानी होईन."

 त्यानं वही मिटली, पुन्हा उघडली, पानाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. "काकूनं चाखली नाही का?"

"चाखली."

"मंग?"

"तिले कळलं नाही."

चुलीशी भाकरी थापण्याचा आवाज थांबला. त्याच्या बायकोनं मान वळवली. वानखडे मला निरखून पाहत होता. हा माणूस शाईचा रंग कडेकडेनं कसा बदलतो ते तासातासाला पाहणारा. त्याच्यापासून किती लपणार?

"काका," तो हळू म्हणाला, "काकू कशी हाय?"

सकाळपासून हे वाक्य मी कोणापुढं बोललो नव्हतो. तिथं बोललो. "गेली. पहाटे."

तो मटकन खाली बसला. मीही बसलो. त्याच्या बायकोनं तवा उतरवला आणि पदर तोंडाला लावला.  मग तो उठायला लागला, "चाला, मी येतो संगं, चाला घरी," असं म्हणत चप्पल शोधू लागला. मी त्याचा हात धरून खाली बसवला.

"आधी हे नावं दुसऱ्या कागदावर घे. पेन्सिलीनं घे. एकही सुटलं नाही पाह्यजे. मंग पान जाळ. मंग जाऊ."

त्यानं पेन्सिल घेतली, कोरा कागद घेतला आणि वहीतलं पान पाहू लागला. पण त्याचे डोळे भरून येत होते. पुसायचा, पुन्हा पाहायचा, त्याला स्वतःचंच अक्षर दिसेना. म्हणून वही मी माझ्याकडं ओढली. मला जोडाक्षर पटकन येत नाही. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत मी वाचायला लागलो. पहिलं नाव एका म्हाताऱ्या बाईचं होतं, रखमा. मग तिचा मुलगा. मग सून. मी नाव वाचायचो, तो लिहायचा, पुन्हा म्हणून दाखवायचा, मी मान हलवायचो. दोन जागी मी चुकलो, त्यानं सांभाळलं. शेवटच्या ओळीत नाव नव्हतं. तान्ही मुलगी, नाव ठेवायचं आहे, असं होतं. तेही तसंच वाचलं, त्यानं तसंच लिहिलं.

अकरा नावं झाली. मी ती पुन्हा एकदा मोजली. मग ते पान वहीतून काढलं, त्याच्या बायकोनं चूल फुंकली, आणि मी ते आत सारलं.

पान पुरतं जळेपर्यंत मी तिथं बसलो. मग त्याची बाटली पिशवीत टाकली आणि आम्ही दोघं घरी गेलो.